आमच्या कॉलेजच्या समान संधी केंद्राचा रिव्ह्यू (साडेतीन स्टार)

कॉलेजचं नाव टाकत नाहीये, अजून दोन सेमिस्टर काढायच्यात तिथे. पुण्यातलं आहे, मी नोकरी करून पार्टटाइम एमबीए करतोय, एवढं पुरे. रिव्ह्यू फक्त समान संधी केंद्राचा (जिथे अपंग विद्यार्थ्यांच्या सोयीचं बघतात) आणि परीक्षेला मिळणाऱ्या रायटरचा (आपण सांगायचं, तो उत्तरं लिहितो), कॅन्टीनवर लिहायला लागलो तर रात्र जाईल.

तर बाईक ॲक्सिडेंटमध्ये माझ्या उजव्या हाताच्या नसेला मार बसला, हात दिसायला एकदम नॉर्मल पण पेन धरलं की थोड्या वेळात बोटं आखडतात. अपंगत्वाच्या सर्टिफिकेटवर ३० टक्के. आणि सगळं घोडं इथेच अडतं, कारण खिडकीवर पहिला प्रश्न एकच, ४० च्या वर आहे का? म्हणजे ३५ ला पास तसं ४० ला अपंग. परीक्षा विभागातल्या साहेबांनी कागद न वाचताच परत केला, म्हणे ४० पाहिजे, नियम आहे.

नियम तसा नाहीये हो. अपंगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात ४० ची अट मुख्यतः आरक्षणासाठी आहे, म्हणजे उच्च शिक्षणात ५ टक्के जागा, सरकारी नोकरीत ४ टक्के, असल्या गोष्टींना. रायटर आणि जादा वेळ यांचा त्या आकड्याशी संबंध नाही हे सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी २०२१ मध्येच विकास कुमार विरुद्ध यूपीएससी केसमध्ये सांगितलंय, तिथे तर उमेदवाराला रायटर्स क्रॅम्प (लिहिताना हात आखडण्याचा आजार) होता. मग ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्र सरकारने ४० च्या खालच्या पण लिहायला त्रास असणाऱ्यांसाठी वेगळ्या गाइडलाइन्स काढल्या. तरी फेब्रुवारी २०२५ मध्ये कोर्टाला तेच परत सांगावं लागलं, बँकांच्या परीक्षांच्या केसमध्ये. खिडकीपर्यंत अजून पोचलं नाही बहुतेक.

आता केंद्र. केंद्र दुसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्टची किल्ली शिपायाकडे, म्हणजे व्हीलचेअरवाल्याने आधी शिपाई शोधायचा. (नोव्हेंबर २०२४ मध्ये कोर्टाने म्हटलंय की सुगम्यतेचे नियम नुसती शिफारस म्हणून ठेवून चालणार नाही, सक्तीचे हवेत. आमच्या लिफ्टला हे कुणीतरी कळवा.) पण आतल्या मॅडम, खरंच सांगतो, एक नंबर. त्यांनी टक्के विचारलेच नाहीत, विचारलं की नक्की काय जमत नाही, किती वेळ लिहू शकता, टायपिंग जमतं का. मग २०२२ च्या परिपत्रकाची प्रिंट काढली, त्यातलं परिशिष्ट दाखवलं आणि म्हणाल्या हे सिव्हिलमधून सिव्हिल सर्जनच्या सहीने आणा, बाकी मी बघते. आणलं. तीन तासांच्या पेपरला एक तास जादा मिळाला, तासाला २० मिनिटं असा हिशोब असतो, आणि वेगळी खोलीसुद्धा.

रायटरचं मात्र काही खरं नाही. पोरगा चांगला होता, पण फायनान्सच्या पेपरला मी टेबल बोलून सांगतोय आणि तो डेबिट कुठल्या बाजूला विचारतोय, जादाचा तास तिथेच संपला. माझं डाव्या हाताने टायपिंग बरं चालतं म्हणून लॅबचा कॉम्प्युटर मागितला, गाइडलाइन्समध्ये तो पर्याय आहे, पण माझा अर्ज अजून "बघू" वरच आहे. माझ्या मते खरी सोय ती, रायटर ही दुसऱ्या नंबरची.

ऑफिसशी तुलना करायची तर ऑफिसमध्ये काम पटकन झालं, डिक्टेशनचं सॉफ्टवेअर मॅनेजरने आठवड्यात मंजूर केलं. पण ते त्याच्या चांगुलपणावर, कारण एचआरने सुरुवातीला तोच ४० चा प्रश्न टाकला होता. प्रायव्हेटमध्ये कायदा तसा लेचापेचाच आहे, सरकारी आस्थापनेला वाजवी सोय द्यायचं कलम थेट लागू होतं, खाजगी कंपनीला मुख्यतः समान संधी धोरण जाहीर करायचं असतं आणि २० किंवा जास्त माणसं असतील तर त्यासाठी एक संपर्क अधिकारी नेमायचा असतो. आमच्याकडे धोरण वेबसाइटवर आहे, अधिकारी कोण ते एचआरलाच माहीत नव्हतं. तुमच्या कंपनीत विचारून बघा, चेहरे बघण्यासारखे होतात.

तर स्टार असे: मॅडमना पाच, रायटरच्या सोयीला तीन, परीक्षा विभागाला एक, लिफ्टला शून्य, आणि मी मॅडमकडे बघून साडेतीन देतोय, गणित जुळवत बसू नका. मॅडम पुढच्या वर्षी रिटायर होतायत असं ऐकलंय, ज्यांचं काम आहे त्यांनी याच सेमिस्टरला अर्ज टाका. अर्ज लेखी द्या, आवक नंबर घ्या, आणि तोंडी नाही म्हणाले तर "नाही" पण लेखी मागा, तिथे निम्मे लोक गप्प होतात.