वाळू लागलेल्या ओकसाठी वृक्षतज्ज्ञांची सेवा : एक अभिप्राय

इंग्लंडमधील आमच्या घरामागच्या जुन्या ओकचा शेंडा विरळ होऊन वरच्या फांद्या वाळू लागल्या, तेव्हा बोलावलेल्या स्थानिक वृक्षतज्ज्ञांच्या सेवेविषयी हा अभिप्राय आहे. करवत हाती घेण्याआधी त्यांनी मुळांची पाहणी केली, हे मला सर्वाधिक आवडले. ओकची बहुतेक बारीक मुळे मातीच्या वरच्या 60 सेंटिमीटरमध्ये असतात, आणि हिरवळीवर वर्षानुवर्षे फिरलेल्या यंत्रांमुळे ती माती इतकी घट्ट झाली होती, की मुळांना पुरेशी हवाच मिळत नव्हती. दाबाखालील हवेच्या झोताने, मुळांना इजा न करता, त्यांनी माती मोकळी केली, भोवतालचे गवत काढले आणि बुंध्याला न टेकेल असे लाकडाच्या तुकड्यांचे 5 ते 10 सेंटिमीटर जाडीचे आच्छादन पसरले. नत्रयुक्त खत देण्यास मात्र त्यांनी ठाम नकार दिला, कारण त्यामुळे फुटणारी कोवळी वाढ अशक्त झाडाची साठवलेली शक्ती खर्च करते. सालीतून काळसर द्रव झिरपतो का, हेही त्यांनी तपासले. ब्रिटनमधील ओकच्या तीव्र ऱ्हासरोगाचे ते लक्षण आहे. केवळ धोकादायक वाळक्या फांद्या काढल्या आणि झाड कायद्याने संरक्षित आहे का, याची चौकशी स्थानिक परिषदेकडे आधीच केली.

शुल्क बरेच आहे, आणि लेखी अहवालात उन्हाळ्यातील पाण्याविषयी अधिक स्पष्टता हवी होती. तरीही, सुधारणेला काही वर्षे लागतील हे मान्य असणाऱ्यांनी अशीच सेवा निवडावी, असे मी आग्रहाने सांगेन.