फोर्जवरचं माइनक्राफ्ट, एम्बेडियम आणि आमच्या पेट्या : सात महिन्यांनंतर

परवा रात्री लाइट गेली आणि ६५ एफपीएसवर, म्हणजे सेकंदाला ६५ चित्रांवर, चाललेला माइनक्राफ्टचा खेळ धाडकन २२ वर आला. बॅटरीवर गेला की लॅपटॉप ग्राफिक्स कार्डाच्या तोंडचा घास काढतो हे ठाऊक होतं, पण इतका? अंधारात दुसरं काही सुचेना, म्हणून हे लिहायला घेतलं.

मशीन जुनंच. ग्राफिक्स कार्ड जीटीएक्स १६५०, ८ जीबी रॅम. त्यावर माइनक्राफ्ट १.२०.१, मॉड (खेळात बाहेरून घालायच्या भरी) चालवणारं फोर्ज आणि भाच्याने कोंबलेले १४० मॉड, यंत्रं बनवायच्या क्रिएटसकट. आधी वेग वाढवायला ऑप्टिफाइन होतं, निव्वळ सवयीने. ते काढून एम्बेडियम टाकलं, म्हणजे त्याच कामाच्या सोडियम मॉडचाच फोर्जवर चालणारा अवतार, आणि पहिल्याच संध्याकाळी ३० चे ५५ झाले. फुकटात! मेमरी नि सुरू व्हायचा वेळ वाचवणाऱ्या फेराइटकोर, मॉडर्नफिक्स यांच्याबद्दलही तक्रार नाही. पूर्वी खेळ सुरू होईस्तोवर चहा करून, पिऊन, कप विसळून व्हायचा. आता जेमतेम उकळतो.

तक्रार हिसक्यांची. दर थोड्या वेळाने चित्र गचकायचं, आणि नेमकं लाव्ह्याच्या कडेला. जो तो सांगायचा, रॅम वाढव. शेवटी १,७५० रुपये मोजून ८ ची आणखी एक पट्टी आणली. दुकानदार बसवायचे २०० वेगळे मागत होता. स्क्रू उघडायचे २०० रुपये! घरी येऊन मीच बसवली. मग हौसेने खेळाला १२ जीबी देऊन टाकले, तर हिसके विरळ झाले, पण बसला की चांगला सेकंदभर. खेळ चालतो जावावर, आणि जावा वापरून झालेल्या मेमरीचा कचरा साठू देते आणि मग एकदम उचलते. डबा मोठा तसा ढीगही मोठा. एफ३ दाबून उजवीकडे वर मेमरीची टक्केवारी बघा, चढत चढत जाते आणि कोसळते. कोसळण्याच्या क्षणीच गचका बसत असेल तर दुखणं हेच. ६ जीबीवर आणलं आणि सुटलो.

म्हणजे पट्टीचे पैसे पाण्यात, असं लिहूनही झालं होतं. ते खोडतो. ८ मध्ये विंडोज, ब्राउझर आणि खेळ मावत नव्हते, सगळं डिस्कवर सांडत होतं. ते थांबलं ते पट्टीमुळेच. २०० मात्र वाचवले ते वाचवलेच.

आता खरं दुखणं. खेळातल्या रानात ६५, आणि कोठारात पाऊल टाकलं की ३८. भिंतीकडे पाठ केली की पुन्हा ६०. भिंतीला १८० पेट्या! पेटीचं झाकण उघडतं ना, म्हणून खेळ तिला दगडाविटांसारखी चंकमध्ये (जगाच्या तुकड्यात) एकदाच मांडून मोकळा होत नाही, दर फ्रेमला वेगळी काढत बसतो. एन्टिटीकलिंग नावाचा मॉड आडोशामागच्या पेट्या वगळतो, पण आमच्या सगळ्या तोंडासमोर. बॅरलला, म्हणजे खेळातल्या पिंपाला, ही भानगड नाही. कप्पे तेच २७, वर ठोकळा असला तरी उघडतं, आणि लाकूडही कमी लागतं : ६ फळ्या नि २ स्लॅब (अर्धे ठोकळे), म्हणजे हिशेबाने ७ फळ्या. पेटीला ८. सात महिने हे कोणी सांगितलं नाही! सगळे आपले रॅम, रॅम.

दोन संध्याकाळी खपून सगळ्या बदलल्या. कोठारात आता ५८. पेट्या स्थिर काढणारे मॉडही मिळतात म्हणे, पण १४१ वा मॉड घालायची माझी छाती नाही.

भाचा खट्टू. "मामा, याला झाकणच नाही रे." एवढं लिहीपर्यंत लाइट आली, आत जाऊन बघतो तर पठ्ठ्याने दाराशी एक जोडपेटी परत मांडलेली. उगाच उघडतोय, मिटतोय. ५७ दिसतंय. राहू दे.