टिकली सोडून मेण-कुंकू : नऊ महिन्यांचा अनुभव

गेल्या पावसाळ्यात भुवयांच्या मधोमध खाज सुटायला लागली. घामाने होत असेल म्हणून मी टिकली जरा वर सरकवून लावायला लागले, एवढंच. श्रावणात एकदा तोंड धुताना नीट पाहिलं तर टिकलीएवढाच, तसाच गोल पांढरा डाग. तो दिसू नये म्हणून पुढे महिनाभर मी त्याच्यावरच टिकली लावत राहिले. ही सगळ्यात मोठी चूक.

मग एका लग्नात नात्यातल्या एका बाईंनी बाजूला घेऊन विचारलं, "कोड आहे का गं? मुलगी लग्नाची आहे ना तुझी?" त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही.

त्वचेच्या डॉक्टरांचा पहिलाच प्रश्न होता, "स्टिकरची टिकली लावता का?" टिकलीच्या गममध्ये पॅरा-टर्शरी-ब्युटिलफिनॉल नावाचं रसायन असू शकतं. काहींच्या त्वचेत ते रंग तयार करणाऱ्या पेशीच मारतं. याला केमिकल ल्युकोडर्मा म्हणतात. भारतीय डॉक्टरांनी 1990 सालीच टिकलीचा गम तपासून हे लिहून ठेवलंय, आणि मी तीस वर्षं रोज टिकली लावतेय! चपला-पर्स चिकटवायच्या गममध्येही हेच रसायन असतं, म्हणून त्यांनी माझे पायही तपासले. मलम दिलं आणि बजावलं, "टिकली आजपासून बंद. नाहीतर डाग पसरेल."

सासूबाईंना सुनेचं मोकळं कपाळ बघवेना. त्यांनीच ट्रंकेतून स्वतःच्या लग्नातला करंडा काढून दिला. आधी मेणाचा ठिपका, वर कुंकू. पहिला आठवडा वैतागाचा गेला. कुंकू नाकावर सांडायचं, गोल वाकडा व्हायचा. नंतर युक्ती सापडली. मेण बोटाच्या पेरावर चांगलं मऊ होईपर्यंत चोळायचं, अगदी पातळ लावायचं, मग कुंकू दाबायचं, घासायचं नाही. थंडीत मेण दगडासारखं होतं, तेव्हा खोबरेल तेलाचे दोन-तीन थेंब घालून कोमट करून घेते. उन्हाळ्यात तेल अजिबात नको, दुपारपर्यंत ओघळ येतो. टॉवेल आणि उशीचे अभ्रे लाल होतात, त्याला इलाज नाही.

खरी अडचण कुंकवाची. बाजारातलं गुलाबीसर लालभडक कुंकू लावलं आणि चार दिवसांत पुन्हा खाज. त्यात कृत्रिम रंग असतो आणि त्यानेही त्वचा बिघडते, हे डॉक्टरांनी नंतर सांगितलं. तेव्हापासून घरीच करते. हळदीत चुन्याची निवळी थेंबथेंब घालून मळायची, सावलीत वाळवायची, वस्त्रगाळ करायची. चुना जास्त झाला तर कपाळ चुरचुरतं, म्हणून आधी कोपराच्या आत लावून दोन दिवस बघते. रंग विटकरी येतो, लखलखीत लाल नाही, आणि दिवसागणिक फिका होतो. त्यामुळे चमचाभरच करते. घामानेही थोडं पिवळं पडतं. लिंबाचा थेंब टाकून बघा, चुन्याने लाल झालेली हळद लगेच पिवळी होते. आणि शेंदूर मात्र कपाळाला नकोच, अस्सल शेंदूर म्हणजे शिशाचं ऑक्साइड.

डाग? चौथ्या महिन्यात कडेने तिळाएवढे तपकिरी ठिपके दिसले. आज नऊ महिन्यांनी मधे मसुरीएवढा पांढरा भाग उरलाय. हे श्रेय मलमाचं आणि टिकली सोडल्याचं. मेण-कुंकवाने डाग जातो असं कृपा करून कुणी समजू नका. माझं कपाळ मोकळं राहिलं नाही आणि घरचं कुंकू लावायला लागल्यापासून खाज पुन्हा आली नाही, एवढं त्याने केलं. माझ्यासाठी ते खूप आहे.

संक्रांतीला आमच्याकडे वाणात टिकल्यांची पाकिटं द्यायची पद्धत. यंदा मी मेणाच्या छोट्या डब्या दिल्या. लग्नात कोडाचं विचारणाऱ्या बाईही आल्या होत्या. त्यांच्या भुवयांमध्ये टिकलीभोवती लालसर कड दिसली, तेव्हा त्यांना आत नेऊन टिकली काढायला लावली आणि डॉक्टरांचा नंबर लिहून दिला.