शेरचं खोरं की ट्रॉन्सेचं जंगल? ग्रॅव्हल बाईकवाल्यांसाठी (म्हणजे कच्च्या रस्त्यांवर चालणारी सायकल)

फ्रान्सच्या मध्यभागी मोंल्युसों शहराच्या उत्तरेला शेर नदीच्या खोऱ्यात दोन मस्त ऑप्शन आहेत आणि दोन्ही एकमेकांना लागूनच. पहिला बेरी कालव्याच्या काठचा रस्ता, जवळजवळ सपाट, चुकायचं म्हटलं तरी चुकणार नाही. कालवा इतका अरुंद की लॉकची (बोटी वर-खाली नेणाऱ्या दारांच्या कप्प्याची) रुंदी जेमतेम २.७० मीटर, आणि बोटी ओढायला चक्क गाढवं असायची! १९५५ मध्ये तो बंद झाला. पण खरं सांगू, दोन तासांनी तेच पाणी तीच झाडं बघून जरा कंटाळा येतो.

दुसरा ट्रॉन्से, तिथे मात्र वेगळीच मजा, दहा हजार हेक्टरच्या वर पसरलेलं ओकचं जंगल, १६७० च्या सुमारास चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर याने नौदलाच्या जहाजांना लाकूड मिळावं म्हणून राखलेलं, आता तेच लाकूड वाईनच्या पिंपांना जातं. चढउतार छोटे, पण पाऊस पडला की चिखल, त्यामुळे टायर ४० मिमी तरी हवेत. चौकात एकसारखे रस्ते फुटतात त्यामुळे जीपीएस लागतोच, आणि शरद-हिवाळ्यात शिकारीचे दिवस बघून जा. पोरं सोबत असतील तर कालवा, नाहीतर डोळे झाकून जंगल.