‘महाराजा’ सोफा, ३+१+१ : आठ महिने बसून झाल्यावर

मुलाच्या लग्नाआधी डोंबिवलीतल्या एका दुकानातून हा कोरीव सेट घेतला. पोहोचवण्यासकट १ लाख १५ हजार. दुकानाचं नाव लिहीत नाही. मालक तसा भला आहे, पण ‘फुल सागवान’ म्हणताना त्याने जरा जपायला हवं होतं. चौकट आणि पाय सागाचेच आहेत. पाठीवरचा मोर मात्र दुसऱ्याच लाकडाचा, मशीनवर कोरून चिकटवलेला. आमच्या सुतारमामांनी खाचेतून नख फिरवून दाखवलं: सगळीकडे खोली सारखीच. “पटाशीचा हात असा एकसारखा चालत नाही, सर.”

घेतला तो पुढच्या पायांसाठी. सिंहाचे पंजे! जन्मभर इतिहास शिकवलेल्या माणसाला मोह आवरला नाही. ६ जून १६७४ला रायगडावर इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन हजर होता. सिंहासनाच्या दोन्ही अंगांना सोनेरी भाल्यांच्या टोकांवर काय होतं ते त्याने टिपलंय. उजवीकडे मोठ्या दातांची दोन मत्स्यमुखं, डावीकडे घोड्यांच्या शेपट्या आणि न्यायाचा तराजू. त्याने लांबूनच मुजरा केला. इंग्रजांचे दुभाषे नारायण शेणवी यांनी नजराण्याची हिऱ्याची अंगठी वर धरली, महाराजांचं लक्ष गेलं, तेव्हा कुठे सिंहासनाच्या पायाशी जायला मिळालं. वस्त्रं दिली, निरोप दिला. झाली भेट.

सिंहासनावर एकच बसलेला आणि बाकी बहुतेक सारे उभे, सिंहासनाचा रुबाब असतो तो असा. आमच्याकडे एका वेळी पाच जण सिंहासनस्थ, तेही चहात पारले बुडवत.

बसायला? पाठ टेकली की मोराची चोच बरोबर मणक्यात. बैठक इतकी उंच की हिचे पाय जमिनीला पोचत नाहीत, म्हणून खाली देवघरातला जुना पाट ठेवलाय. म्हणजे पादपीठाचीही सोय झाली. पिसाऱ्यातली धूळ काढायला टूथब्रश लागतो, आणि दर रविवारी माझा पाऊण तास. गाद्या चांगल्या आहेत, अजून दबलेल्या नाहीत.

पाचपैकी अडीच.

गेल्या महिन्यात फरशी पुसताना डाव्या पंजाचं एक नख फडक्याबरोबर निघून आलं. ते कुंकवाच्या रिकाम्या डबीत जपून ठेवलंय. फोन केला की मालक म्हणतो, “काका, शनिवारी माणूस पाठवतो.” तीन शनिवार झाले.