'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' आधी की 'व्हील ऑफ टाइम'?

या दोन इंग्रजी फँटसी महाकादंबऱ्यांपैकी आधी कोणती वाचावी? नकाशा, भाकितं, अंधाराचा स्वामी आणि गावाकडचं साधं पोर हे दोन्हीकडे आहेच, त्यामुळे त्यावर वेळ घालवत नाही. पहिला प्रश्न वेळेचा. टोल्किनची 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' पाच लाख शब्दांच्या थोडी आत आहे. रॉबर्ट जॉर्डनच्या 'व्हील ऑफ टाइम'चे 14 खंड मिळून सुमारे 44 लाख शब्द भरतात. मिनिटाला 200 शब्द या गतीने, खाडा न करता रोज तासभर वाचलं, तर टोल्किन सहा आठवड्यांत संपतो आणि जॉर्डनला वर्ष लागतं.

टोल्किन सुरुवातीला वाचकाची परीक्षा पाहतो. हॉबिटांच्या, म्हणजे कथेतल्या बुटक्या, घरकोंबड्या जमातीच्या चालीरीती आणि त्यांची तंबाखू यांवरची प्रस्तावना पहिल्या वाचनात सरळ सोडावी, ती नंतर जास्त गोड लागते. वाढदिवसाची मेजवानी झाल्यावर सतरा वर्षं निघून जातात आणि घातक मुद्रिका गळ्यात पडलेला हॉबिट नायक फ्रोडो घराबाहेर पडतो तो तिसऱ्या प्रकरणात. पुस्तक अर्धवट सुटतं ते बहुतेक 6 ते 8 या प्रकरणांत. जुनं रान, तिथला टॉम बॉम्बाडिल हा वल्ली आणि त्याची गाणी यांत मूळ कथा थबकल्यासारखी वाटते. तरी आठवं प्रकरण गाळू नका, कारण तिथल्या थडग्यातून मिळालेलं एक पातं पुढे फार मोठ्या प्रसंगी कामी येतं. नवव्या प्रकरणात ब्री गाव आलं की कथा वेग धरते. एलरॉन्डच्या दरबारातलं प्रकरण म्हणजे नुसती बोलणी आहेत, पण सगळ्या प्रवासाची कारणं तिथेच आहेत. ते एका बैठकीत वाचावं. तुकड्यांत वाचलं की कोण कुठून आलं आणि कशासाठी, याचा गोंधळ होतो.

'द टू टॉवर्स' या मधल्या खंडाची रचनाही अनेकांना खटकते. आधी सलग 11 प्रकरणं फ्रोडो दिसत नाही, मग सलग 10 प्रकरणं बाकीचे दिसत नाहीत. दोन्हीकडच्या तारखांचा मेळ परिशिष्ट 'ब'मध्ये लागतो, पण ते पुस्तक संपल्यावरच उघडा. स्त्री-पात्रं मोजकी, हा आक्षेप मला मान्य आहे. लढवय्यी एओविन मनात ठसते, पण आर्वेन आणि अ‍ॅरागॉर्नची कहाणी तर परिशिष्टात जाऊन बसली आहे.

आणि तरीही शेवट असा की त्यापुढे या तक्रारी लहान होतात. मुद्रिकेचा निकाल लागल्यानंतर आणखी सहा प्रकरणं आहेत. चित्रपटांनी गाळलेली शायरची, म्हणजे हॉबिटांच्या मुलखाची दुर्दशा त्यांतच येते. युद्ध जिंकून आलेल्या माणसाला आपलंच गाव परकं वाटणं टोल्किनने ज्या संयमाने लिहिलं आहे, तो संयम या प्रकारच्या लेखनात मला इतरत्र क्वचितच दिसला.

जॉर्डनकडे मराठी वाचक पटकन रमतो. काळ चक्राकार, युगं फिरून येणारी, नायक म्हणजे जुन्या योद्ध्याचा पुनर्जन्म, हे आपल्याला समजावून सांगावं लागत नाही. इथल्या जादूच्या शक्तीचा पुरुषांच्या वाट्याचा अर्धा भाग विटाळलेला आहे. ती वापरणारा पुरुष कधी ना कधी वेडा होतो, त्यामुळे जगाला वाचवणाराच जगाला धोका ठरतो. कल्पना विलक्षण आहे आणि ती शेवटपर्यंत टिकते. आएस सेडाई, म्हणजे ही शक्ती वापरणाऱ्या संघटित स्त्रिया, शपथेमुळे खोटं बोलू शकत नाहीत, पण 'नरो वा कुंजरो वा' करण्यात तरबेज. त्यांचे संवाद शब्द तोलत वाचावे लागतात आणि त्यात खरी मजा आहे. चौथ्या खंडातला रुइडीन शहराचा भाग तर मी या दोन्ही मालिकांतल्या सर्वोत्तम पानांत धरतो. तिथे नायक आपल्या पूर्वजांच्या आठवणी उलट्या क्रमाने जगतो, आणि एका जमातीचा अभिमान कशावर उभा आहे ते थर उलगडत कळतं.

माझा कौल मात्र वेगळ्याच त्रासाने ठरला. हा ग्रंथ महिनाभर बाजूला ठेवला की माणसं आठवत नाहीत. एग्वेन, एलेन, एलाइडा. मोरेन, मॉर्गेस, मोघेडियन. नावं जवळजवळची आणि पात्रं हजारांवर. त्यात काही खलपात्रं मरून नव्या देहात, नव्या नावाने परत येतात. प्रत्येक खंडामागे शब्दसूची आहे, पण ती निवडक आहे. दोन खंडांपूर्वी भेटलेली दुय्यम आएस सेडाई नेमकी तिथे नसते. इंटरनेटवर नाव टाकावं तर ती कधी आणि कशी मरते हे आधी दिसतं. 2015 सालच्या अधिकृत कोशातही सगळा जन्मवृत्तांत शेवटासकट आहे. ई-बुक असेल तर आधीच्या खंडांत नाव शोधून पहिला उल्लेख वाचावा, हाच बरा मार्ग. नोकरी-संसार सांभाळून वाचणाऱ्याचं वाचन तुटतंच, आणि तुटलेलं वाचन ही मालिका सहज सांधू देत नाही. टोल्किनमध्ये अंधाराचा स्वामी सॉरॉन आणि जादूगार सारुमान यांत घोटाळा होतो, अ‍ॅरागॉर्नला नावं बरीच आहेत, पण दोन महिन्यांनी पुस्तक उघडलं तरी अर्ध्या पानात सूर सापडतो.

आठ ते दहा या खंडांत हा त्रास बोचू लागतो, कारण तिथे कथाही रेंगाळते. नायकाच्या दोन गाववाल्या मित्रांपैकी मॅट आठव्यात नाहीच. दुसऱ्या मित्राच्या, पेरिनच्या पत्नीच्या अपहरणाचा धागा 1998 च्या खंडात सुरू होतो आणि 2005 च्या अकराव्यात सुटतो. दहाव्याचा मोठा भाग नवव्याच्या अखेरीस घडलेल्या घटनेच्या वेळी इतर मंडळी काय करत होती, यातच जातो. तिथे पेरिन आणि राजकन्या एलेनची प्रकरणं भरभर चाळा. मॅटची मात्र नीट वाचा आणि शेवटचं प्रकरण चुकवू नका. 2007 मध्ये जॉर्डन गेल्यावर ब्रँडन सँडरसनने टिपणांच्या आधारे शेवटचे तीन खंड लिहिले. वेग परत आला, गाठी सुटल्या, फक्त बाराव्यातला मॅट थोडा परका वाटतो.

ज्यांना एका जगात वर्षभर सलग राहायचं आहे, त्यांना कदाचित जॉर्डनच जास्त देईल. बाकीच्यांनी टोल्किनपासून सुरुवात करावी असं मला वाटतं. इंग्रजी जड जात असेल तर मुग्धा कर्णिक यांचा 'स्वामी मुद्रिकांचा' हा अनुवाद आहे. त्यानंतर जॉर्डनचे पहिले चारच खंड घ्या, पूर्ण संच नको. रुइडीनने पकडलं तर पाचवा आणा. 'न्यू स्प्रिंग' ही पूर्वकथा असली तरी सुरुवातीला वाचू नका. ती 2004 मध्ये आली, तेव्हा दहाव्यानंतर आणि अकराव्याआधी, त्याच जागी वाचावी.