१६ टीबीचा ड्राईव्ह, त्यात जागा ५८ जीबी

लॅपटॉपच्या सी ड्राईव्हमधली, म्हणजे मुख्य साठ्यातली जागा संपत आली आणि तिची पट्टी लाल झाली की डोकं चालायचं बंद होतं, निदान माझं तरी झालं, आणि त्या घाईत मी जे करून बसले ते सगळं इथे लिहितेय. लाज वाटतेय, पण लिहितेय, कारण असले खोटे १६ टीबीवाले ड्राईव्ह वेगवेगळ्या नावांनी अजून विकायला आहेत आणि कोणीतरी आत्ता या क्षणी एखादा कार्टमध्ये टाकून बसलं असेल.

माझा लॅपटॉप २५६ जीबी एसएसडीवाला, म्हणजे फिरत्या डिस्कऐवजी चिप्सवर डेटा ठेवणारा ड्राईव्ह असलेला. विंडोज त्याला २३८ जीबी म्हणतं, कारण ड्राईव्ह बनवणारे एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरतात आणि विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं. एवढं मला माहीत होतं, आणि हेच अर्धवट ज्ञान पुढे नडलं, सांगते. तर त्या २३८ मधले जेमतेम ९०० एमबी उरलेले, अपडेट होईना, ब्राउझर मधेच गोठायचा, दर थोड्या वेळाने कोपऱ्यात तोच मेसेज. रिसायकल बिन रिकामा केला, टेम्पररी फाइल्स उडवल्या, डाउनलोड्समधला कचरा काढला, मिळून ४ जीबी सुटले आणि तिसऱ्या दिवशी पट्टी परत लाल.

सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग स्टोरेज उघडलं तर जागा कशाकशाने खाल्लीये ते दिसतं. तिथे माझे फोटो आणि व्हिडिओ मिळून ९० जीबी, आणि जवळजवळ तेवढाच एक गठ्ठा नुसता 'अदर' म्हणून. हे अदर काय आहे ते तिथल्या तिथे बघायला हवं होतं. पण ९० चा आकडा डोळ्यात भरला, म्हटलं फोटो हलवले की प्रश्न मिटला, एक बाहेरचा ड्राईव्ह घेऊन टाकू.

शोधायला सुरुवात केली आणि तासाभरात जाहिराती मागे लागल्या. एक्स्टर्नल एसएसडी, १६ टीबी, मेटल बॉडी, टाईप सी, चांगल्या कंपनीचा १ टीबीचा मिळतो त्याहून स्वस्त. इथेच कोणाच्याही मनात पाल चुकचुकायला हवी, माझ्या चुकचुकली पण, मग रिव्ह्यू वाचले. साडेचारच्या वर स्टार, सगळे म्हणतायत लावल्या लावल्या १६ टीबी दिसतंय, दिसायला भारी आहे, वगैरे. मधेच एकाने लिहिलेलं की कव्हर फोनला एकदम फिट बसतं, कॅमेऱ्याची जागा बरोबर आहे. मी हसले आणि पुढे गेले! नंतर कळलं की जुन्या कुठल्यातरी वस्तूचं पान घेऊन त्यातलं नाव-फोटो बदलायचे आणि जुने चांगले रिव्ह्यू तसेच वापरायचे असा हा धंदाच आहे. आणि जे खरे रिव्ह्यू असतात तेही पहिल्या दिवशी लिहिलेले असतात, पहिल्या दिवशी हा ड्राईव्ह व्यवस्थितच चालतो ना.

ड्राईव्ह आला, हातात जड, थंडगार, भारी वाटलं. लावला तर विंडोजने दाखवलं १४.५ टीबी. आता माझी हुशारी बघा, मी लगेच हिशोब केला की १६ टीबीला १०२४ ने भागत गेलं की साडेचौदाच येतात, म्हणजे खराच आहे, खोटा असता तर सरळ १६ लिहून आला असता. खोटं बोलणाऱ्यालाही भागाकार येतो हे काही सुचलं नाही.

लॅपटॉप ड्राईव्हची जागा मोजत नाही, विचारतो. आतली कंट्रोलर चिप सांगेल तो आकडा खरा. या लोकांनी त्या चिपचा प्रोग्राम बदललेला असतो, मागे ६४ जीबीची मेमरी असताना चिप १६ टीबी सांगते. खरी जागा आहे तोवर सगळं नीट लिहिलं जातं, ती संपली की काही ड्राईव्ह जुन्या डेटावरच नवीन लिहीत सुटतात, काही पुढचं सगळं नुसतं टाकून देतात, आणि दोन्ही वेळेला लॅपटॉपला कळवतात की झालं, लिहिलं, पाठवा पुढचं. एररही येत नाही, कारण फाइलचं नाव, तारीख, साइज ही नोंद वेगळीकडे, बहुतेक ड्राईव्हच्या सुरुवातीला असते आणि ती शाबूत राहते. रजिस्टरात माल जमा आहे, गोदामात गेलात तर फरशी दिसते.

मी फोटो कॉपी केले नाहीत, कट-पेस्ट केले. हे परत वाचा. दीड तास लागला, तेव्हा ही एसएसडी इतकी संथ का असाही प्रश्न पडला नाही, आत्ता हिशोब केला तर सेकंदाला जेमतेम १७ एमबी पडतात, खऱ्या पोर्टेबल एसएसडीला सेकंदाला काहीशे एमबी सहज जमतात. झाल्यावर पहिल्या फोल्डरमधले पाच-सहा फोटो उघडले, दिसले, ड्राईव्ह कपाटात ठेवला. पट्टी निळी झाली, मी खूष.

दीड महिन्याने एक व्हिडिओ हवा होता. नाव आहे, ७०० एमबी साइज आहे, प्लेअर म्हणतो उघडता येत नाही. शेजारचा उघडला, तेच. फोल्डर वर्षांच्या नावाचे होते आणि त्याच क्रमाने कॉपी झालेले, म्हणून २०२० च्या मधल्या कुठल्याशा दिवसापर्यंत सगळं ठीक आणि तिथून पुढे एकही फोटो उघडेना. पोटात गोळा आला. डिस्कचा एरर चेक चालवला तर म्हणतो काही प्रॉब्लेम नाही. नसणारच, रजिस्टर चोख आहे.

भाच्याला बोलावलं. त्याने काही बोलायच्या आधी ड्राईव्ह हातात घेऊन हलवला आणि म्हणाला, "मावशी, किती टीबी म्हणालीस?" मग ज्या फाइल्स उघडत होत्या त्या आधी दुसरीकडे काढून घेतल्या आणि एच२टेस्टडब्ल्यू नावाचा एक छोटा फुकट प्रोग्राम चालवला, जुना आहे, जर्मन आहे, विंडोजवर चालतो. तो ड्राईव्हवर स्वतःचा ठराविक डेटा लिहीत जातो आणि मग तोच परत वाचून जुळतो का बघतो. मॅक आणि लिनक्ससाठी असंच एफ३ आहे. आख्खे १६ टीबी तपासायचे तर सेकंदाला ३० एमबीने धरले तरी नुसतं लिहायलाच सहा दिवस लागतील, म्हणून त्याने फक्त १०० जीबी दिले. निकाल आला, ५८ जीबी ठीक, बाकी गायब. नंतर कव्हर उचकटलं, आत बोटाच्या पेराएवढं मेमरी कार्ड, ते बसवायचा एक बोर्ड, आणि वजनासाठी चिकटवलेली लोखंडी पट्टी. सगळ्यात नीट काम त्या पट्टीचं केलेलं होतं.

मला वाटलं लॅपटॉपवरून तरी परत मिळतील, डिलीटच तर झालेत. नाही. एका ड्राईव्हवरून दुसऱ्यावर कट-पेस्ट केलं की मूळ फाइल रिसायकल बिनमध्ये जातच नाही. आणि एसएसडीवर काही डिलीट झालं की विंडोज तिला ट्रिम नावाची सूचना देतं, ही जागा आता नको, मग एसएसडी ती आतून पुसून टाकते, त्यामुळे जुन्या हार्ड डिस्कवर जे परत मिळायचं ते इथे बहुतेक मिळत नाही. या गडबडीत मी दुसऱ्यांदा फसणार होते, एका रिकव्हरीवाल्या सॉफ्टवेअरने फुकट स्कॅन करून हजारो फाइल्स सापडल्या म्हणून लिस्ट दाखवली, सगळ्या माझ्याच नावांच्या, पैसे भरा आणि परत घ्या. पैसे भरायला कार्ड काढलं होतं मी. भाच्याने एक फाइल आतून उघडून दाखवली, नुसती शून्यं. नावं सापडणं आणि फोटो सापडणं वेगळं.

तक्रार केली, तोवर रिटर्नची मुदत संपून गेलेली, विकणाऱ्याचं पान गायब, आणि तसाच ड्राईव्ह दुसऱ्या नावाने दोन टीबी वाढवून हजर. पैसे कार्डाने भरले होते म्हणून बँकेत डिस्प्युट, म्हणजे पैसे परत मागायचा अर्ज टाकलाय, एच२टेस्टडब्ल्यूच्या निकालाचा स्क्रीनशॉट आणि आतल्या मेमरी कार्डाचा फोटो जोडलाय, अजून काही कळलेलं नाही. पैशाचं एवढं नाही वाटत.

मग शेवटी ते अदर बघितलं. विझट्री म्हणून एक प्रोग्राम आहे, काही सेकंदांत कुठल्या फोल्डरने किती जागा खाल्ली ते रंगीत चौकोनांत दाखवतो, हे मी पहिल्या दिवशी केलं असतं तर हे सगळं लिहायची वेळच आली नसती. हायबरनेशनची, म्हणजे लॅपटॉप बंद होताना चालू काम जपून ठेवायची फाइल साधारण ६ जीबी, रॅमच्या ४० टक्क्यांच्या आसपास असते म्हणे, ठीक आहे. आणि एक भलामोठा चौकोन, ॲपडेटा नावाच्या फोल्डरमध्ये, जो विंडोज एरवी लपवूनच ठेवतं, ७० जीबी. माझ्या आधीच्या दोन आयफोनचे बॅकअप, ॲपलच्या आयट्यून्स प्रोग्राममधून मीच कधीतरी घेतलेले, एक फोन विकून टाकला आणि दुसरा पाण्यात पडला. म्हणजे नसलेल्या फोनांसाठी मी लॅपटॉप भरून ठेवला होता आणि जागा करायला फोटो घालवले.

इतका राग आला की ते फोल्डर सिलेक्ट करून डिलीटवर बोट ठेवलं, तर भाचा ओरडला, "मावशी थांब, त्यात फोटो असतात!"

असतात. नुसतं बघून काही कळत नाही, फाइल्सची नावं चाळीस चाळीस आकडे-अक्षरांची, पुढे जेपीजी वगैरे काही नाही, पण बॅकअप वाचणारा प्रोग्राम लावला की फोनचा कॅमेरा रोल जसाच्या तसा बाहेर येतो. पासवर्ड घातलेला असता तर तो आठवावा लागला असता, माझ्या आळसामुळे घातला नव्हता. रात्री दोनपर्यंत बसून जवळजवळ साडेतीन हजार फोटो आले. मोठ्या कॅमेऱ्याने काढलेले नाही आले, ते गेले.

आलेले सगळे लॅपटॉपवरच उतरवलेत आणि बॅकअप उडवायची हिंमत होत नाहीये, त्यामुळे पट्टी परत लाल आहे. काल २ टीबीचा ड्राईव्ह आणलाय, कंपनीच्या स्वतःच्या दुकानातून. एच२टेस्टडब्ल्यूचं लिहून झालंय, आता वाचतंय, ६१ टक्के. पूर्ण होईपर्यंत एकही फोटो त्यावर टाकणार नाहीये, आणि टाकेन तेव्हा कॉपी-पेस्ट.